तळघरातली खिडकी क्रमांक चार: एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाचा अनुभव

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात माझ्या ८१ वर्षांच्या आईच्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती अकरा दिवस तिथे दाखल होती. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसून सगळे समजावून सांगितले, रात्रपाळीच्या सिस्टर घंटी वाजताच येत होत्या. त्या बाबतीत माझी काडीचीही तक्रार नाही आणि हे परीक्षण त्याविषयी नाहीच. हे परीक्षण आहे रुग्णालयाच्या तळघरात, वाहनतळाच्या उताराला लागून असलेल्या खिडकी क्रमांक चारचे, म्हणजे वैद्यकीय अभिलेख विभागाचे, आणि त्याच विभागातली माहिती दाखवणाऱ्या त्यांच्या मोबाइल ॲपचे. माझा तक्रारअर्ज अजून त्यांच्याकडे प्रलंबित असल्यामुळे रुग्णालयाचे नाव मी इथे देत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी आई नाशिकला माझ्या भावाकडे असताना तिची मांडी दुखू लागली. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की आत बसवलेला कृत्रिम गोळा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मापाचा आहे. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव एका ओळीत होते, बाकी काही नव्हते. असा गोळा ज्या खोक्यातून येतो त्यात छोटी चिकट लेबले असतात. कंपनी, माप आणि बॅच क्रमांक त्यांवर छापलेले असतात आणि शस्त्रक्रिया झाली की ती लेबले ऑपरेशन थिएटरमधल्या नोंदीच्या कागदावर चिकटवली जातात. दोन बोटे रुंदीच्या त्या लेबलांसाठी मला पूर्ण इनडोअर केसपेपरची प्रत हवी होती. सोबत भुलीची नोंद, औषधांचा तक्ता आणि रक्त चढवल्याची नोंदही डॉक्टरांनी मागितली होती.

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी खिडकीवर अर्ज दिला. आईची सही, तिने मला दिलेले अधिकारपत्र, दोघींची ओळखपत्रे, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, सगळे टाचून नेले होते. मी बँकेत एकतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला काढली असल्यामुळे कागद अपुरा असण्याचे दुःख मला चांगले माहीत आहे. खिडकीतल्या तरुणाने अर्ज वाचला आणि अतिशय नम्रपणे सांगितले, “काकू, फाइल ही हॉस्पिटलची प्रॉपर्टी असते. तुम्हाला डिस्चार्ज समरी मिळाली आहे ना?” मी म्हटले, फाइल तुमच्याचकडे राहू द्या, मला प्रत हवी आहे, आणि माझ्या अर्जाची पोच हवी आहे. पोच देण्याची पद्धत नाही, असे तो म्हणाला. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलण्याची माझीही पद्धत नाही. शेवटी आतल्या टेबलावरच्या एक ज्येष्ठ बाई उठून आल्या आणि त्यांनी माझ्या प्रतीवर शिक्का मारून तारीख आणि वेळ घातली. या परीक्षणात पूर्ण एक गुण मिळवणारी त्या विभागातली ती एकमेव कृती आहे.

त्या शिक्क्यातल्या वेळेला महत्त्व आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत असे स्पष्ट लिहिले आहे, की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर त्या मागणीची पोच द्यावी आणि कागद ७२ तासांच्या आत द्यावेत. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. नोंदी न ठेवणे आणि मागूनही मुदतीत न देणे हे त्या संहितेनुसार गैरवर्तन ठरते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी संहिता आणली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली, त्यामुळे जुनीच चालू राहिली. रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला त्याच्याच केसपेपरच्या बाबतीत गोपनीयतेचे कारण सांगता येणार नाही, हे तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. म्हणजे फाइलचा पुठ्ठा, दोरी आणि कपाट रुग्णालयाचे असेल. आत काय लिहिले आहे ते जाणण्याचा हक्क आईचा आहे.

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी पुन्हा खिडकीवर होते. फाइल सहीसाठी वर गेली होती. शुक्रवारी सही करणारे अधिकारी रजेवर होते. ७२ तासांचा विषय मी काढला तेव्हा मला उत्तर मिळाले, की तो नियम डॉक्टरांसाठी आहे, रुग्णालयाच्या कार्यालयासाठी नाही. हे उत्तर ऐकून मला राग येण्याऐवजी थोडे कौतुकच वाटले, कारण ते अर्धे खरे आहे. ती आचारसंहिता नोंदणीकृत डॉक्टरांना बांधते आणि तिच्या भंगाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरविरुद्ध करायची असते. तळघरातल्या खिडकीवर ती चालत नाही. म्हणून शनिवारी मी ओपीडीत गेले आणि ज्यांच्या नावाखाली आई दाखल होती त्या शल्यचिकित्सकांच्या हातात एक पानी पत्र दिले. त्यात कलमाचा क्रमांक होता, पोच घेतलेल्या अर्जाची झेरॉक्स होती आणि नाशिकच्या डॉक्टरांना काय हवे आहे ते होते. त्यांनी पत्र वाचले, कपाळाला आठी घातली, माझ्यासमोरच तळघरात फोन लावला आणि म्हणाले, “अहो, यांना लेबलं नाही दिलीत तर तिकडचा माणूस ऑपरेशन करणार कशाच्या आधारावर?” मंगळवारी, म्हणजे नवव्या दिवशी, १८६ पाने माझ्या हातात पडली. दर पानाला १० रुपयांप्रमाणे १,८६० रुपये भरले आणि पावती घेतली. शुल्काला माझी हरकत नाही. झेरॉक्स सुबक होत्या आणि लेबलांचे पान तर रंगीत काढून दिले होते.

नऊ दिवस हे सरकारी कारभाराला सरावलेल्या माणसाला फार वाटणार नाहीत. मला ते जड गेले ते वेगळ्या कारणाने. आई दाखल असताना मेडिक्लेमच्या मंजुरीसाठी टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शंका काढली होती आणि तीन पन्नासला त्यांना हवे ते सगळे इनडोअर पेपर स्कॅन करून पाठवले गेले होते. दोन्ही वेळांचे संदेश माझ्या फोनवर आहेत. म्हणजे फाइलचा मोठा भाग तेव्हापासूनच संगणकात तयार होता. विम्याच्या कंपनीला चाळीस मिनिटे आणि जिच्या शरीराची ती फाइल आहे तिला नऊ दिवस, असा हा हिशेब आहे.

विमा कंपनीला कागद पाठवायला आमची संमती होती, हे मी मान्य करते. पुढची गोष्ट तशी नाही. डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता घरी येऊन फिजिओथेरपी देणाऱ्या एका सेवेचा फोन आला. फोनवरच्या मुलीला आईचे नाव, वय, कोणत्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली ते आणि आम्ही दोन खाटांच्या खोलीत होतो हेही ठाऊक होते. त्या शेवटच्या माहितीवरून आम्हाला कोणते पॅकेज सांगायचे ते तिने ठरवले असावे. रुग्णालयाने “आमच्याकडून माहिती गेलेली नाही” असे तोंडी सांगितले. मी दाखल करतानाचे संमतिपत्र मागवून वाचले. अकरा पानांचे, संपूर्ण इंग्रजीत, रात्री दीड वाजता आई स्ट्रेचरवर कण्हत असताना मी त्यावर नऊ सह्या केल्या होत्या. सातव्या पानावर लिहिले होते, की रुग्णाची माहिती उपचार, विमा, गुणवत्ता सुधारणा आणि ‘संलग्न सेवा’ यांसाठी वापरता येईल. त्या दोन शब्दांच्या दारातून कोण कोण आत येते, हे विचारायला रात्री दीड वाजता कोणाचे भान शाबूत असते?

इथे कायद्याची सद्यःस्थिती थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण खिडकीवर आणि ग्राहकसेवेच्या टेबलावर मला तीन जणांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र रुग्णालयांसारख्या संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ म्हटले आहे, त्या दुसऱ्याला द्यायच्या तर आधी परवानगी हवी असे म्हटले आहे, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देऊन एका महिन्यात तक्रार निकाली काढावी असेही म्हटले आहे. या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर ग्रंथालयाच्या वेळा आहेत, उपाहारगृहाचा मेनू आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव मला सापडले नाही.

नव्या कायद्यातल्या काही तरतुदी मला खरोखर उपयोगाच्या वाटतात. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी लागेल; संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल; आणि आपली माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे मागण्याचा हक्क रुग्णाला मिळेल. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने सल्ल्याबरोबर फोनमधली संपर्कयादीही मागितली आणि बाईने दोन्हीला होकार दिला, तरी संपर्कयादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्यामुळे तो होकार सल्ल्यापुरताच धरला जाईल. ‘संलग्न सेवा’ या शब्दांना हाच न्याय लावला तर सातवे पान कितपत टिकेल, हे पाहण्यासारखे ठरेल. पण हुरळून जाण्याचेही कारण नाही. हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू आहे, त्यामुळे कपाटातली कागदी फाइल त्याच्या बाहेर राहते. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात काही पडत नाही, आणि भरपाई देणारे कलम ४३अ मात्र हाच कायदा रद्द करतो. वैद्यकीय माहितीला आधी असलेला ‘संवेदनशील’ हा वेगळा दर्जाही नव्या कायद्यात उरलेला नाही.

आता ॲपविषयी. वापरायला ते सोपे आहे, रक्ताचे अहवाल चार-पाच तासांत दिसतात, अक्षरे मोठी करता येतात आणि एक्स-रेसुद्धा फोनवर स्वच्छ उघडतो. प्रवेश मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने मिळतो. मी माझा क्रमांक घातला तेव्हा आईच्या नावाखाली आणखी एक नाव दिसले. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या जुन्या वाड्यातल्या एका शेजाऱ्यांना चक्कर आली म्हणून मी त्यांना रिक्षातून याच रुग्णालयात आणले होते आणि नोंदणीच्या टेबलावर त्यांच्याकडे फोन नसल्यामुळे माझा क्रमांक दिला होता. तेव्हापासूनचे त्यांचे सगळे अहवाल, पुढे त्यांनी मुलाबरोबर येऊन करून घेतलेल्या तपासण्यांसकट, माझ्या फोनवर होते. त्यातला एक शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या चाचण्यांचा होता. अशा चाचण्यांत एचआयव्हीही असते. पहिल्या ओळीवर नजर गेली आणि मी फोन पालथा ठेवला. एचआयव्हीसंबंधीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा स्वतंत्र कायदा मनाई करतो. इथे कोणी काही उघड केले नव्हते, फक्त एका रकान्यात चुकीचा फोन क्रमांक दहा वर्षे तसाच राहिला होता.

ती नोंद माझ्या क्रमांकावरून काढावी म्हणून मी ग्राहकसेवेच्या टेबलावर गेले. टेबलावरचे उत्तर असे: मोबाइल क्रमांक बदलण्याची विनंती फक्त रुग्ण स्वतः, ओळखपत्रासह, प्रत्यक्ष येऊन करू शकतो. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले आहेत. “मग त्यांच्या वारसांना यायला सांगा.” वारस पुण्यात नाहीत आणि त्यांना फोन करून कोणत्या अहवालाविषयी मी बोलते आहे हे मी कसे सांगू? गोपनीयतेच्या नियमावर बोट ठेवून मला एका मृत माणसाची गोपनीय माहिती बाळगायला लावणारा हा कारभार आहे. नव्या कायद्यात आपल्या मृत्यूनंतर किंवा अक्षमतेत आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला नेमण्याची तरतूद आहे, बँकेतल्या नामनिर्देशनासारखीच. पण मी माझा क्रमांक सोडवू पाहते आहे, इतक्या साध्या गोष्टीला खरे तर कायद्याची गरजही पडू नये. संगणकापुढे बसलेल्या माणसाला अधिकार असला म्हणजे पुरे.

आभा क्रमांकाविषयी, म्हणजे सरकारी योजनेतल्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाविषयी, थोडेच. आईचे आधार कार्ड नोंदणीसाठी घेतले आणि थोड्या वेळाने तिचा चौदा अंकी आभा क्रमांक तयार झाल्याचा संदेश आला. कोणी विचारले नव्हते. हा क्रमांक ऐच्छिक आहे आणि विचारले असते तर मी बहुधा होच म्हटले असते, कारण त्यामागची रचना मला पटते: नोंदी एका ठिकाणी गोळा न करता जिथल्या तिथे राहतात, कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या, कधीपर्यंत दाखवायच्या ते रुग्ण ठरवतो आणि दिलेली संमती मागे घेता येते. व्यवहारात या रुग्णालयाने त्यावर जोडले होते ते एकच डिस्चार्ज कार्ड. नाशिकच्या डॉक्टरांनी मागितलेले लेबल तिथे असते तर मला तळघरात उतरावेच लागले नसते.

१८६ पानांकडे परत येते. घरी बसून मी ती एक एक करून पाहिली, बँकेत वर्षअखेरीला व्हाउचर पाहायचो तशी. लेबले होती, भुलीची नोंद होती, औषधांचा तक्ता होता. पान १४३ आणि १४४ आईचे नव्हते. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या एका बाईंच्या रक्तातल्या साखरेचा तक्ता होता, नाव, वय आणि खाट क्रमांकासह. मी ती दोन पाने परत करायला खिडकीवर गेले. तो तरुण म्हणाला, “फाडून टाका ना, काकू.” मी विचारले, मग आईची दोन पाने कुठे आहेत आणि कोणाच्या फाइलमध्ये आहेत? त्याने पुस्तक उघडून काही तरी लिहून घेतले. उत्तर अजून आलेले नाही. दुसरीकडे, आईला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे मी दाखल करताना सांगितले होते, ते परिचारिकांच्या तक्त्यावर लाल शाईने आहे आणि भुलीच्या नोंदीत ‘कोणतीही ॲलर्जी ज्ञात नाही’ असे छापले आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. मूळ नोंद खोडू नये, तिच्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी, एवढीच माझी मागणी आहे.

तक्रार लेखी स्वरूपात रुग्णालयाच्या तक्रार निवारण कक्षाकडे दिली आहे. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याची तरतूद आली आणि पुण्यात या नोंदणीवर देखरेख महापालिकेच्या आरोग्य विभागाची असते, त्यामुळे उत्तर न आल्यास पुढचा कागद तिकडे जाईल. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती परक्याला देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हाही एक मार्ग माझ्यापुढे आहे. फिजिओथेरपीच्या त्या फोनची तारीख आणि क्रमांक मी वहीत लिहून ठेवला आहे. सनद मात्र त्यांनी लावलेली आहे, हे नोंदवायला हवे. ती लिफ्टच्या बाजूला, कुंडीतल्या मोठ्या पामच्या मागे आहे.

उपचारांसाठी मी या रुग्णालयाला पाचपैकी पाच गुण देईन आणि गरज पडली तर आईला पुन्हा तिथेच नेईन. ॲपला दोन. रेकॉर्ड विभागाला दीड, त्यातला एक शिक्का मारणाऱ्या बाईंचा आणि अर्धा लेबलांच्या रंगीत पानाचा.

ज्यांना त्या खिडकीवर जायचे आहे त्यांच्यासाठी: वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते चार, शनिवारी एकपर्यंत. अर्जाचा छापील नमुना इंग्रजीत आहे, पण साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज त्यांनी माझ्याकडून घेतला. अर्जाची दुसरी प्रत घरूनच न्यावी. तळघरातले झेरॉक्स यंत्र बाहेरच्यांसाठी नाही. सांध्याची शस्त्रक्रिया असेल तर डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरण्याआधी, वॉर्डातल्या सिस्टरांना सांगून लेबलांच्या पानाचा फोटो काढून घ्यावा. फाइल तेव्हा त्यांच्या टेबलावरच असते.